पेरलेली बी आणि तिचें पुढील आयुष्य



पावसाळ्याचे चार दिवस उलटले कीं शहरांतील पुष्कळ घरांना बागेची आठवण होते. गॅलरींत कुंड्या मांडल्या जातात, बाजारांतून बियांचीं रंगीत पाकिटें येतात, मुलें मोठ्या उत्साहानें पेरणी करतात, आणि मग सकाळ-संध्याकाळ झारीभर पाणी घालण्याचा नेम सुरू होतो. आठ-दहा दिवस जातात. मेथी तेवढी वर येते. बाकीच्या कुंड्यांत काळ्या मातीखेरीज कांहींच दिसत नाहीं. मग वडील मंडळी बियांच्या दुकानदाराला दोष देतात, आणि गृहिणी आपल्या हाताला गुण नाहीं असें म्हणून कुंड्या गच्चीच्या कोपऱ्यांत सरकवून ठेवते. माझें म्हणणें असें आहे कीं, अशा वेळीं बहुधा दुकानदारही निर्दोष असतो आणि हातही निर्दोष असतो. बी चांगली होती. ती पाण्यांत गुदमरून मेली.

‘गुदमरून’ हा शब्द मीं अलंकार म्हणून वापरलेला नाहीं. बीला श्वासोच्छ्वास आहे. कोरडी असतांना ती खड्यासारखी दिसते, आणि तिचा जीवनव्यापारही त्या वेळीं जवळजवळ थांबलेला असतो. पण पाणी मिळतांच तिला प्राणवायूची एकाएकीं मोठी गरज उत्पन्न होते. चिखल झालेल्या मातींत हवा शिरण्यास जागाच उरत नाहीं, आणि नुकती जागी झालेली बी तेथें कुजून जाते. नव्या बागवानानें एवढी एक गोष्ट पक्की ध्यानांत घेतली तरी त्याच्या निम्म्या कुंड्या वांचतील.

यांतील बरेंचसें शास्त्र आपल्या स्वयंपाकघरांत पिढ्यान् पिढ्या रोज वापरांत आहे. मटकीला मोड आणावयाचे असतात तेव्हां आपल्या घरांतील स्त्रिया काय करतात? मटकी रात्रभर पाण्यांत भिजत घालतात. सकाळीं मात्र तें पाणी काढून टाकतात, मटकी निथळूं देतात आणि ओलसर फडक्यांत सैलसर बांधून उबेला ठेवतात. मटकी तशीच पाण्यांत राहूं दिली तर तिला मोड येण्याऐवजीं वास येतो, हें कोणत्याही आजीबाईंना ठाऊक आहे. पाणी, हवा आणि ऊब या तिन्ही गोष्टी बीला एकदम मिळाव्या लागतात, आणि फडक्याच्या पुरचुंडींत त्या तिन्ही मिळतात. संध्याकाळीं ती पुरचुंडी सोडून आंत हात घालून पाहावा. तो थोडा ऊन लागतो. ती ऊब बियांच्या श्वासोच्छ्वासाचीच होय. माती आणि खत यांचा तेथें संबंधही नसतो. रुजण्यापुरती बीला मातीची गरज नाहीं. कुंडींतील मातीचें पहिलें काम म्हणजे त्या ओल्या फडक्याची जागा घेणें.

ही बी आहे तरी काय, हें पाहावयाचें असेल तर वालाचा एक दाणा रात्रभर भिजवून त्याचें साल अलगद काढावें. दाण्याच्या दोन फाकी होतात, आणि त्यांच्या बेचक्यांत एक चिमुकला, वांकडा अंकुर चिकटलेला आढळतो. त्याचें एक टोंक म्हणजे भावी मूळ, दुसरें टोंक म्हणजे भावी खोड. नीट पाहिलें तर दुमडून ठेवलेलीं दोन पानेंही दिसतात. म्हणजे संपूर्ण रोप आंत तयारच असतें. दोन्ही फाकी ही त्याची शिदोरी. वनस्पतिशास्त्रांत त्यांना बीजदलें म्हणतात. आपण जिला तुरीची डाळ म्हणतों ती असल्याच बीजदलांची रास आहे. आख्खी तूर रुजते आणि डाळ रुजत नाहीं याचें कारण उघडच आहे: भरडतांना अंकुर शिदोरीपासून तुटून जातो. गहूं, भात, मका यांची मांडणी निराळी असते. त्यांत एकच बीजदल असतें, शिदोरीचा पिठूळ सांठा त्याच्या बाहेर असतो, आणि अंकुर एका कडेला असतो. मक्याच्या दाण्यावर बुंध्याकडे जी फिकट ढाल दिसते तिच्याखालीं तो असतो.

आतां कोरड्या बीला पाणी लागलें म्हणजे काय घडतें तें पाहूं. प्रथम ती फुगते. या फुगण्याचा जोर विलक्षण असतो. बाटलींत हरभरे गच्च भरून, पाणी घालून तोंड बंद केलें तर बाटली फुटण्याचा संभव असतो. पण फुगणें हें जिवंतपणाचें लक्षण नव्हे. मेलेली बीही तितकीच फुगते, कारण पाणी शोषून घेणें हा तिच्यांतील पिठाचा आणि प्रथिनांचा गुणधर्म आहे. खरें जागेपण त्यानंतरचें. शिदोरीचा पिठूळ भाग अंकुराला तसाच घेतां येत नाहीं. तो विरघळवावा लागतो. त्यासाठीं बीमध्यें पाचक द्रव्यें तयार होतात आणि पिठाची साखर होऊं लागते. नाचणीचें सत्त्व करतांना नाचणीला आधीं मोड आणतात, तें याचकरितां. मोड आलेल्या नाचणीची पेज पातळ व गोडसर लागते. जें पचन बाळाच्या पोटांत व्हावयाचें त्याचा कांहीं भाग बीनें स्वतःच उरकलेला असतो.

यानंतर बीचें कवच फाटून आदिमूळ बाहेर पडतें, आणि येथेंच बीच्या आयुष्यांतील सर्वांत मोठा प्रसंग येतो. मूळ बाहेर पडेपर्यंत तिला माघार घेतां येते. भिजलेली बी वेळेवर सुकवली तर बऱ्याच जातींच्या बिया पुन्हां निजतात आणि पुढें पेरल्यावर उगवतात. पेरणीपूर्वीं बी भिजवून सावलींत सुकवण्याची चाल त्यावरच आधारलेली आहे. परंतु एकदां मूळ बाहेर आलें कीं ती वाट बंद होते. कोरडेपणा सोसण्याची जी शक्ति बीमध्यें होती ती मुळाबरोबर संपते. त्यानंतर एका दुपारीं मातीचा वरचा थर कडकडीत वाळला तरी तें रोप मातीच्या आंतच मरतें, आणि आपणांस त्याचा पत्ताही लागत नाहीं. म्हणून पेरणीनंतरचे पहिले दहा-पंधरा दिवस कुंडी चिखलमयही होतां कामा नये आणि कोरडीही पडतां कामा नये. दिवसांतून एकदां झारीभर ओतण्यापेक्षां दोन-तीनदां शिंतोडे मारणें बरें. कुंडीच्या तळाचें भोंक उघडें असावें आणि त्यावर खापरीचा तुकडा असावा. माती एक भाग पोयटा, एक भाग पूर्ण कुजलेलें शेणखत आणि एक भाग रेती अशी घेतली म्हणजे पाणी टिकतेंही आणि निचरतेंही. वर ओलें गोणपाट अंथरावयास हरकत नाहीं. मात्र पहिला कोंब दिसतांच तें काढून घेण्याची आठवण ठेवली पाहिजे.

बी कोणत्या बाजूनें पेरावी, असा प्रश्न मला नेहमीं विचारण्यांत येतो. लहान बियांच्या बाबतींत ही चिंता करूं नये. बी उलटी पडली तरी मूळ खालीं वळतें आणि कोंब वर वळतो. हें कशामुळें होतें याचा एक सुंदर प्रयोग टॉमस नाइट या इंग्रज गृहस्थानें 1806 सालीं प्रसिद्ध केला. त्यानें पाण्याच्या प्रवाहानें फिरणाऱ्या चाकावर बिया बांधल्या आणि चाक वेगानें फिरत ठेवलें. उभ्या चाकावर मुळें चाकाच्या बाहेरच्या बाजूस गेलीं आणि कोंब मध्याकडे वळले. पृथ्वीच्या ओढीची जागा चाकाच्या गतीनें उत्पन्न झालेल्या ओढीनें घेतली आणि रोपांनीं तीच ओढ मानली. म्हणजे मूळ ओल शोधीत किंवा अंधार शोधीत खालीं जातें असें नसून वजनाची दिशा त्याला कळते. मुळाच्या टोंकावरील टोपींत पिठाचे जड कण असतात. ते ज्या बाजूस बसतात ती बाजू खालची, हें त्याला त्यावरून समजतें.

किती खोल पेरावी, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. बीच्या जाडीच्या दुपटी-तिपटीइतकी माती तिच्यावर असावी. कारण साधें आहे: उजेडांत येऊन हिरवीं पानें उघडेपर्यंत रोपाला शिदोरीवरच निर्वाह करावयाचा असतो. वालाची शिदोरी मोठी, तिला बोटाचें एक पेर माती चालते. तुळशीची बी मोहरीपेक्षांही लहान. ती खोल गाडली तर वाटेंतच तिचा शिधा संपतो. पिटूनियासारख्या धुळीएवढ्या बिया तर वरच्यावर भुरभुरून नुसत्या दाबाव्या. शिवाय कांहीं जातींना रुजण्यासाठीं उजेडच लागतो. सॅलडच्या बिया अशाच आहेत. 1952 सालीं अमेरिकन संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, तांबडा प्रकाश या बियांना जागें करतो आणि त्याहून अधिक तांबडा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश त्यांना पुन्हां निजवितो. जो प्रकाश शेवटीं पडला असेल त्याची आज्ञा त्या मानतात. दाट झाडीच्या सावलींत हा दुसऱ्या जातीचा प्रकाश अधिक असतो. डोक्यावर दुसऱ्याचीं पानें आहेत, एवढें बीला त्यावरून कळतें, आणि ती थांबते.

कोंब वर येतांना सरळ येत नाहीं. मान वांकवून येतो. नव्या बागवानाला वाटतें, रोप रोगट आहे. वास्तविक नाजूक शेंडा मातीशीं घासूं नये म्हणून केलेली ती तजवीज असते, आणि उजेड लागतांच मान सरळ होते. वाल, चवळी, मूग यांचीं बीजदलें कोंबाबरोबर वर येतात. वाटाणा आणि हरभरा यांचीं मातींतच राहतात. वर आलेल्या बीजदलांवर कधीं कधीं सालाची टोपी अडकून राहते. ती बोटानें ओढून काढण्याचा मोह मुलांना फार होतो. ओढूं देऊं नये. पाण्याचा शिंतोडा मारावा, म्हणजे ती मऊ होऊन आपोआप पडते.

नवरात्रांत घटाभोंवतीं उगवलेलें धान्य सर्वांनीं पाहिलेलें आहे. देवघराच्या अंधुक उजेडांत तें नऊ दिवसांत वीतभर वाढतें, पण रंगानें पिवळट आणि देहानें लेचेंपेचें असतें. त्या उंचीला वाढ म्हणणें बरोबर नाहीं. उजेड कोठें तरी वर असेल या आशेनें रोपानें आपली सर्व पुंजी उंचीवर खर्च केलेली असते. खिडकीच्या आंत ठेवलेल्या कुंडींत टोमॅटोचीं रोपें अशींच ताडमाड होऊन आडवीं पडतात. रोप वर दिसलें कीं त्याच दिवशीं त्याला उजेड मिळाला पाहिजे. दाट पेरलेलीं आणि सतत ओलीं ठेवलेलीं रोपें मातीच्या रेषेशीं काळीं पडून कोलमडतात, तो बुरशीचा रोग होय. त्यावर औषधापेक्षां विरळणी आणि मोकळी हवा अधिक उपयोगी पडते.

आतांपर्यंत मीं असें बोललों कीं जणूं पाणी, हवा आणि ऊब मिळाली कीं बी उगवलीच. सर्व बिया इतक्या सरळ नसतात. गोकर्ण आणि बहावा यांच्या बियांचें कवच इतकें घट्ट असतें कीं पाणी आंत शिरतच नाहीं. ती बी काचकागदावर थोडी घासावी, मग भिजत घालावी. कोथिंबिरीकरितां आपण जो धना पेरतों तो वस्तुतः एक फळ आहे व त्यांत दोन बिया असतात. म्हणून धने चपलेखालीं किंवा लाटण्यानें हलके रगडून त्यांच्या दोन फोडी कराव्या आणि मग पेरावे. तरीही कोथिंबिरीला आठ ते पंधरा दिवस लागतात, आणि मेथी तीन-चार दिवसांत येते. मेथीशीं तुलना करून अनेक जण आठव्या दिवशीं कोथिंबिरीची कुंडी उकरून टाकतात. मिरची आणि वांगें यांनाही आठवडा-दीड आठवडा द्यावा. थंडीच्या दिवसांत त्याहूनही अधिक.

झोंपेंत बी किती काळ जिवंत राहते, याविषयीं पुष्कळ भाकडकथा आहेत. मिसर देशांतील ममींच्या थडग्यांतील गहूं पेरून उगवल्याची कथा एकोणिसाव्या शतकांत फार पसरली होती. ती खोटी आहे. पण खऱ्या गोष्टी तिच्याहून नवलाच्या आहेत. मृत समुद्राजवळील मसादा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननांत सांपडलेली, सुमारें 2000 वर्षांपूर्वींची एक खजुराची बी 2005 सालीं पेरण्यांत आली आणि तिचें झाड झालें. अमेरिकेंतील मिशिगन येथें विल्यम बील या अध्यापकानें 1879 सालीं निरनिराळ्या रानटी झाडांच्या बिया वाळूंत मिसळून वीस बाटल्यांत भरल्या आणि जमिनींत पुरून ठेवल्या. ठराविक वर्षांनीं एकेक बाटली काढून बिया पेरतात. 2021 सालीं काढलेल्या बाटलींतीलही कांहीं बिया रुजल्या. आपल्या वाफ्यांतील तण दर वर्षीं खुरपूनही कां संपत नाहीं, याचें उत्तर त्या बाटल्यांत आहे.

याच्या अगदीं उलट स्वभावाच्याही बिया आहेत. आंबा, फणस, जांभूळ आणि कढीलिंब यांच्या बियांना झोंप म्हणून ठाऊक नाहीं. त्या झाडावरून पडतात त्या ओल्या आणि जाग्याच. सुकवल्या कीं मेल्या. आंब्याची कोय चांगली जात म्हणून वाळवून, डब्यांत घालून पुढील पावसाळ्यासाठीं जपून ठेवणारीं घरें मीं पाहिलीं आहेत. ती कोय जपण्याचा एकच मार्ग म्हणजे ती त्याच आठवड्यांत मातींत घालणें.

रोप उभें राहिल्यावर पुढचा प्रश्न येतो तो त्याच्या आयुर्मानाचा. हा प्रश्न नवे बागवान विचारीतच नाहींत, आणि मग झाड मेलें म्हणून हळहळतात. मेथी, कोथिंबीर, झेंडू, भेंडी, वाल यांतील बहुतेकांचा सर्व संसार एका हंगामाचा असतो. रुजणें, वाढणें, फुलणें, बी धरणें आणि मरणें. कोथिंबिरीला उन्हाळ्याची चाहूल लागली कीं पानें बारीक होतात, दांडा वर येतो आणि पांढरीं फुलें दिसूं लागतात. त्यानंतर कितीही पाणी आणि खत घातलें तरी पूर्वींसारखीं पानें येणार नाहींत. तिचा शिधा आतां बियांकडे वळलेला असतो. वर्षभर कोथिंबीर हवी असेल तर दर पंधरवड्याला एका कुंडींत नवी पेरणी करणें हाच उपाय. भेंडीचें आणि वालाचें तंत्र निराळें: कोंवळ्या शेंगा तोडीत राहिलें कीं बी धरण्याचें काम पुरें होत नाहीं, आणि झाड पुन्हां पुन्हां फुलत राहतें. दोन-चार शेंगा जून होऊं दिल्या कीं बहर ओसरूं लागतो.

कांदा, गाजर आणि कोबी यांना दोन हंगाम लागतात. पहिल्या हंगामांत तीं शिदोरी बांधतात, आणि ती आपण खातों. ती न खाल्ली तर मधल्या थंडीनंतर दुसऱ्या हंगामांत ती फुलांवर खर्ची पडते. कांद्याला अवेळीं डेंगळे आले कीं कांदा पोकळ व निःसत्त्व होतो, तो याच कारणानें. कोबीला फुलण्यासाठीं दीर्घ थंडी लागते. ती आपल्या मैदानी मुलखांत नाहीं, म्हणून त्याचें बी कुलूसारख्या हिमालयांतील खोऱ्यांत तयार करतात. घरच्या कोबीपासून बी धरण्याच्या भरीस कोणीं पडूं नये.

बहुवर्षायु झाडांतही सर्वांचा धर्म एक नाहीं. गुलाब, मोगरा, जास्वंद वर्षानुवर्षें फुलतात. केळ एकदां घड देऊन मरते आणि मागें पिल्लें ठेवून जाते. सह्याद्रींतील कारवी सात-आठ वर्षें नुसती वाढते, मग डोंगरच्या डोंगर एकाच वर्षीं जांभळे होतात, आणि त्या फुलोऱ्यानंतर ती सबंध पिढी वाळते. पुढील पावसाळ्याच्या आरंभीं तिच्या वाळक्या बोंडांतून बिया तडतड उडतात. मुंबईकरांना हें बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतही पाहावयास मिळतें. कुंडींतील शेवंतीला कालगणना निराळ्या रीतीनें कळते: रात्री लांबल्या कीं ती कळ्या धरते. गॅलरींतील दिवा मध्यरात्रीपर्यंत तिच्यावर जळत असेल तर तिची रात्र लांबतच नाहीं आणि कळ्या येत नाहींत. अशी कुंडी तेथून हलवावी, एवढेंच.

शेवटीं घरचें बी धरण्याविषयीं दोन शब्द. कुंडींतील चार चांगलीं मेथीचीं झुडपें न उपटतां राहूं द्यावीं. त्यांना फिकट फुलें येतात, मग लांब टोंकदार शेंगा धरतात. त्या झाडावरच पिवळ्या पडूं द्याव्या आणि सावलींत वाळवाव्या. ज्या पाकिटावर ‘संकरित’ असें छापलेलें असतें त्या टोमॅटोचें किंवा मिरचीचें बी मात्र धरूं नये, कारण त्याची पुढील पिढी आईबापांसारखी निपजत नाहीं. बीचे खरे शत्रू दमटपणा आणि उष्णता. ठोकळ हिशेब असा आहे कीं, बीमधील पाणी शेंकडा एक भागानें कमी झालें कीं तिचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें, आणि सांठवणीची जागा पांच अंशांनीं थंड केली तरी तसेंच होतें. म्हणून कोंकणांत आणि मुंबईंत उघड्या पाकिटांतील कांद्याची बी एका पावसाळ्यांत निकामी होते, आणि तीच बी कोरड्या बरणींत, शीतकपाटांत बराच काळ टिकते. बरणीच्या तळाशीं मूठभर तांदूळ कोरडे भाजून, थंड करून घालावे. ते दमटपणा ओढून घेतात. जुनी बी पेरण्यापूर्वीं वीस दाणे मोजून ओल्या टीपकागदांत गुंडाळून ठेवावे व किती रुजतात तें पाहावें. दहाच रुजले तर पेरणी दुप्पट दाट करावी, पांचांहून कमी रुजले तर नवी बी आणावी. प्रत्येक पुडीवर नांव, महिना आणि साल लिहावें. आणि बरणी शीतकपाटांतून काढल्यावर लगेच उघडूं नये. ती खोलीइतकी ऊन होईपर्यंत तासभर तशीच ठेवावी, नाहींतर हवेंतील वाफ थंड बियांवर जमते.